दूध उतू घालवण्यास परवानगी मिळणेबाबत

आमच्या घरमालकीण लंकाबाई यांचे चिरंजीव कल्याण जर्मनीत भाड्याचे घर बदलत होते आणि त्याच आठवड्यात मी व माझी पत्नी ज्ञानेश्वरी सोनईत लंकाबाईंच्याच मागच्या खोलीतून वरच्या मजल्यावर जात होतो. दोन स्थलांतरांपैकी पहिलेच महत्त्वाचे ठरल्याने आमची पातेली जिन्यात राहिली. मी शाळेत इंग्रजी शिकवतो. कल्याणचे इंग्रजी नोकरीपुरते आहे, विनंतीचे नाही, असे लंकाबाईंचे मत पडले आणि पत्रव्यवहार माझ्याकडे आला.

"दूध उतू गेल्याबिगर सुनंनं त्या घरात झोपायचं न्हाई," असे लंकाबाईंनी बजावले होते. सून धनश्रीचीही तीच इच्छा होती. सारख्या जागा बदलून ती कंटाळली होती. "एखादं घर तरी आपलं वाटू दे, आई," ती व्हिडिओ कॉलवर म्हणाली. परंतु करारानुसार काचेच्या शेगडीवर काहीही सांडण्यास सक्त मनाई होती. सबब रीतसर अर्ज करण्यात आला.

तिकडच्या घरमालकाचे उत्तर तत्परतेने आले. सांडण्याचा हेतू काय, दूध किती, आणि ते कोणत्या दिशेला वाहणार?

"पूर्वेला," लंकाबाई खूश होऊन म्हणाल्या. "बघा मास्तर, जानकार मानूस हाय."

जाणकार माणसाने मग शेजाऱ्यांची लेखी संमती मागितली. खालच्या आजींनी ती दिली. वरच्या तरुणाने मात्र गाईवर अन्याय होतो अशी हरकत नोंदवून ओटचे दूध सुचवले.

"ओट म्हंजी धान्यच ना?" लंकाबाईंनी विचारले. "मग त्याची धार कोन काढतं?"

या प्रश्नाचे उत्तर इंग्रजीतही नव्हते. शेवटी कार्यक्रमाच्या वेळी तरुणाने फिरायला जावे, असा तोडगा निघाला.

ठरल्या दिवशी जुन्या घराची किल्ली परत गेली होती आणि खोकी नव्या घराच्या दाराबाहेर होती. धनश्री साडी नेसून उभी, घरमालक टाय लावून, हातात फडके. आम्ही इकडे मोबाईल भिंतीला टेकवून बसलो. दूध चढले, काठाशी आले आणि शेगडी बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. काही उतू जाऊ लागले की आपोआप बंद होण्याची सोय तिच्यात होती, आणि हे सांगताना घरमालकाचा ऊर अभिमानाने भरून आला.

धनश्री खोक्यावर बसून रडू लागली. घरमालक गडबडला. त्याने करार वाचला, चष्मा काढला, पातेले उचलले आणि स्वतःच्या हाताने पूर्वेकडे थोडे दूध शेगडीवर ओतले. मग ते पुसले, आणि मालकाने स्वतः सांडल्यास भाडेकरू जबाबदार नाही, अशी नोंद केली. धनश्री रडता रडता हसली.

लंकाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "घरमालक आसावा तर आसा. भाडेकरूचं मन जानतो."

हीच वेळ योग्य समजून ज्ञानेश्वरी म्हणाली, "मावशी, वर आमचंबी दूध उतू घालवायचं राहिलंय."

लंकाबाईंचा पदर खाली आला. "वर नगं बाई. वट्याची फरशी नवी हाय, डाग जात न्हाई." मग त्यांनाच वाईट वाटले असावे. "अंगनात चूल मांडा की. आन् दूध जरा कमी घ्या."

आम्ही अंगणात दूध उतू घालवले. ज्ञानेश्वरीने दूध कमीच घेतले. मला तर लंकाबाईंचा भयंकर राग आला.

नगरला माझा स्वतःचा एक ब्लॉक आहे. तेवढ्यात तिथल्या भाडेकरूचा निरोप आला की देवाच्या फोटोसाठी भिंतीला एक खिळा ठोकला तर चालेल का. मी कळवले, फोटो टेबलावर ठेवा.

तुम्ही तरी दुसरे काय कळवले असते?