अठरा सेंटिमीटरचा दगड

मागचं रीडिंग

मिलिमीटर हा अत्यंत हुशार मुलगा होता.

वरच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आहे असं समजा. सर्व्हेइंगच्या वहीत रबर चालत नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं नीट वाचता आलं पाहिजे, आणि बरोबर ते शेजारी लिहायचं. तर शेजारी : मिलिमीटर मागच्या वर्षी याच विषयाच्या प्रात्यक्षिकात नापास झाला होता आणि यंदा सख्ख्या धाकट्या बहिणीच्या वर्गात बसत होता.

नाव वर्गानं ठेवलेलं, उंचीवरून नव्हे; उंचीला तो चांगला ताडमाड होता. “सेंटिमीटर सुताराला. आपलं काम मिलिमीटरमध्ये,” हे तो येता-जाता ऐकवायचा.

घरी आईनं बजावून ठेवलं होतं, “या वेळी राहिलास तर ही तुझ्या पुढे जाईल. मग बस तिच्याच वह्या मागत.”

“काळजीच करू नकोस,” मिलिमीटर म्हणाला. “दुपारपर्यंत काम संपवतो.”

काम तसं सोपं. फाटकाजवळच्या खुणेच्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची माहीत आहे. लेव्हल नावाच्या दुर्बिणीतून, स्टाफ नावाच्या चार मीटर उंच पट्टीवरचे आकडे वाचत, टप्प्याटप्प्यानं ग्रंथालयामागच्या दगडापर्यंत जायचं. त्या दगडाची उंची लॅबच्या फळ्यावर लिहिलेली असते. आपलं उत्तर तिच्याशी जुळलं की सुटलो.

मधली रीडिंगं

धाकटीनं स्टाफ धरला. मिलिमीटर दुर्बिणीला डोळा लावून हातवारे करू लागला. डावीकडे. अजून डावीकडे. बास. धाकटी कधीच सरळ झाली होती, पण तिच्या आणि त्याच्या मधून गाडी मागे घेणाऱ्या टेम्पोवाल्यानं हे हातवारे स्वतःसाठी आहेत असं समजून टेम्पो गुलाबाच्या वाफ्यात नेला.

“तुम्हीच तर डावीकडे म्हणालात,” टेम्पोवाला म्हणाला.

“मी तिला म्हणत होतो.”

“ती कुठे चालवतेय?”

हे मिटवण्यात अर्धा तास गेला. बारा वाजता हिशेब जुळवला. फळ्याशी फरक : अठरा सेंटिमीटर.

“स्टाफ वाकडा धरलास,” मिलिमीटर म्हणाला.

“अठरा सेंटिमीटर चुकायला तो आडवाच धरावा लागेल, दादा.”

परत केलं. अठरा. मग अदलाबदल केली, दुर्बिणीपाशी धाकटी, स्टाफला तो. तरीही अठरा. इमानदार उधारीवाल्यासारखा तो आकडा दर वेळी दारात हजर.

“तीनदा तेच येतंय,” धाकटी म्हणाली. “म्हणजे आपण बरोबर आहोत. दगड खाली गेलाय.”

“दगड? अगं, दगड आहे तो. त्याचं कामच न हलण्याचं. आपण माणसं चुकतो.”

“मग मी अठराच लिहिणार.”

“लिही. आणि हो नापास. मला सोबत होईल.”

ती वही बगलेत मारून निघून गेली. मिलिमीटर कँटीनच्या कोपऱ्यात नवी वही उघडून बसला. सहा टप्पे होते. प्रत्येकात तीन-तीन सेंटिमीटर असे मुरवले की आचाऱ्यालाही मीठ कुठे पडलं ते कळू नये. शेवटी फरक शून्य आला. शून्य फारच बोलकं दिसलं, म्हणून त्यानं तीन मिलिमीटरची चूक स्वतःच्या हातानं, मोठ्या मनानं, परत घातली.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा जाड्या आला. “आमचं अठरा सेंटिमीटर चुकतंय रे. तुझं किती?”

“तीन.”

“सेंटिमीटर?”

मिलिमीटरनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी त्यानं वर्षभर वाट पाहिली होती. नजरेपाठोपाठ वही गेली. जाड्याकडून ती चष्मेवालीकडे, तिच्याकडून हॉस्टेलवाल्यांकडे. प्रत्येकाचं अठराच चुकत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं, हे आपलंच पाप. संध्याकाळी वही परत आली तेव्हा तिला भज्यांचा वास येत होता.

पुढचं रीडिंग

सोमवारी सरांनी वह्या तपासल्या. एकोणचाळीस वह्यांत चूक तीन मिलिमीटर. चाळिसाव्या वहीत अठरा सेंटिमीटर. सरांनी चाळिसाव्या वहीच्या मालकिणीला उभं केलं.

“अख्ख्या वर्गाला जमलं. तुम्हालाच कसं नाही जमलं?”

“सर, तीनदा मोजलं. दगड खाली गेलाय.”

वर्ग हसला. मिलिमीटर हसला नाही. बहीण आपल्याबरोबर नापास होत नसून आपल्याऐवजी होतेय, हे त्याला आत्ता दिसत होतं, आणि त्याला वाटलं होतं तितकं ते गोड नव्हतं.

कपाटापाशी लॅबवाले काका ट्रायपॉड पुसत होते. ते मान वर न करता म्हणाले, “ग्रंथालयामागचा का? तो पाइपवाल्यांनी मागल्या आठवड्यात उपटला होता. मी म्हटलं, होता तसा बसवा. चांगला खोल बसवला त्यांनी.”

सरांनी चष्मा काढला. मग एकोणचाळीस वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“म्हणजे जागेवर नसलेल्या दगडाची उंची,” ते सावकाश म्हणाले, “तुम्ही सगळ्यांनी तीन मिलिमीटरपर्यंत अचूक मोजलीत.”

 

मिलिमीटर उठला. “सर, माझंही अठराच आलं होतं. वही मी बनवली. बाकीच्यांनी माझीच उतरवली.”

“अठरा आलं होतं, तर लिहिलं का नाही?”



सरांनी निकाल दिला : एकोणचाळीस जणांनी काम पुन्हा करायचं. वही या मुलीनं तपासायची. तिची सही असेल तोच पास.

शेरा

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयामागे मिलिमीटर स्टाफ धरून उभा होता. दुर्बिणीपलीकडून धाकटीचा हात हलत होता. डावीकडे. अजून डावीकडे. टेम्पोवाला लांबूनच थांबला आणि खाली उतरून बघत राहिला.

“दादा, सरळ.”

“सरळच आहे.”

“आता आहेस.”

पाच वाजता तिनं त्याची वही तपासली. फळ्यावरच्या जुन्या आकड्याशी फरक अठरा सेंटिमीटर, शाईत, कुठेही न मुरवलेला. तिनं सही केली. आईला काय सांगायचं ते तो मनात जुळवू लागला.

मग तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘स्टाफ धरणारा विश्वासू आहे.’

क्षणभर विचार केला. पट्टी घेतली, आणि ‘विश्वासू’वर एकच रेघ मारली. सरळ, नियमाप्रमाणे, खालचा शब्द नीट वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं : ‘उंच’.