बोटांची रजा

"पुन्हा ठेवा," ठसे घेणारी बाई म्हणाली.

चष्मेवाल्याच्या बायकोने काचेवर अंगठा पुन्हा ठेवला. मशीनने पुन्हा लाल दिवा लावला. दहाही बोटं झाली, एकाचाही ठसा उमटेना.

"काम काय करता?"

"लाँड्रीत असते. आणि घरचं सगळं."

बाईने तिचा हात उलटसुलट पाहिला. "रेषाच झिजल्यात हो. गोट्या झाल्यात बोटांच्या. तीन आठवडे पाणी, साबण, घासणी, काही नको. मलम लावा, हातमोजे घाला. तरी उमटले नाहीत तर तुमची फाईल रांगेच्या शेपटाला जाईल."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. इतकी वर्षं या देशात काढून नागरिकत्व हाताशी आलं होतं, ते बोटांवर अडलं. मुख्य अर्ज बायकोचा. तिचे ठसे नोंदल्याशिवाय मशीन त्याचं आणि त्याच्या आईचं नाव उघडायलाही तयार नव्हतं.

"त्यात काय एवढं," तो घरी येऊन म्हणाला. "तीन आठवडे घर मी बघतो."

मऊ फडक्याने चष्म्याच्या काचा पुसण्यापलीकडे या गृहस्थाने आजवर काही घासलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दूध करपलं. तळाला लागलेलं दूध तारेच्या घासणीने खरवडताना शर्ट काळा झाला, म्हणून शर्ट धुतला. शर्ट धुताना न्हाणीघराचं तळं झालं, म्हणून फरशी घासली. बायको पांढरे हातमोजे घालून खुर्चीत बसली होती, एखाद्या समारंभाला आल्यासारखी.

"आई, तू जरा भांडी विसळतेस का?"

"माझेही ठसे व्हायचेत," आईने दोन्ही हात शालीत घेतले. "म्हातारीच्या रेषा त्या. गेल्या की गेल्या."

बायकोने मासिक उघडलं, तर आई म्हणाली, "कागदाने बोटं झिजतात, सूनबाई. पानं त्याला उलटू दे."

मग तो ओले हात पुसत पानं उलटायला यायचा. गोष्ट रंगात आली की बायको भराभर वाचायची आणि इकडे फोडणी जळायची. मग पुन्हा तारेची घासणी.

त्यातच लाँड्रीच्या मालकाचा फोन आला. "रजा घ्या, पण बदली माणूस द्या." बदली माणूस दुसऱ्या दिवशीपासून चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून ब्रशने कॉलरी घासायला लागला. "तुमच्या मिसेसपेक्षा तुमचा हात जोरकस आहे," मालक म्हणाला. चष्मेवाल्याला आयुष्यात काचांखेरीज कशाबद्दल शाबासकी मिळाली नव्हती. तो दुप्पट जोराने घासू लागला.

तीन आठवड्यांनी तिघं पुन्हा त्या खोलीत हजर झाली. बायकोने बोट ठेवलं मात्र, हिरवा दिवा.

"वा, काय रेषा आहेत," बाई खूश झाली.

आई लेकाला बाजूला सारून पुढे घुसली. तिलाही हिरवा. मग त्याची पाळी आली.

"बोट ठेवा."

"ठेवलंय."

"दाबा."

"दाबलंय हो."

दिवा लाल. बाईने त्याचा हात उचलून डोळ्यांजवळ नेला. "तुम्ही काय करता?"

"चष्मे विकतो."

"चष्मे विकून बोटं अशी होत नाहीत."

"घरचं सगळं हेच करतात," बायको मान ताठ करून म्हणाली. "मला कशाला हात लावू देत नाहीत."

"लहानपणापासून वळणच तसं लावलंय मी," आई म्हणाली. हिने लेकाला लग्नापर्यंत पाण्याचा पेलाही स्वतः उचलू दिला नव्हता.

बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याला लाजावं की रडावं कळेना. "पहिलीच खेप आहे म्हणून सोडते. तीन आठवडे हातांना आराम."

जिना उतरताना त्याने हळूच विचारलं, "मग भांडी?"

"मी उद्यापासून लाँड्रीत," बायको म्हणाली. "आईंचे ठसे झालेत की."

दोघांनी वळून पाहिलं. आई दोन पायऱ्या मागे कठडा धरून उभी होती.

"मी काय म्हणते," ती म्हणाली, "इथे ज्येष्ठ नागरिकांना कष्टाची कामं सांगत नाहीत म्हणे."

"नागरिक व्हायला अवकाश आहे, आई," सून म्हणाली. "सध्या तुम्ही नुसत्याच ज्येष्ठ आहात."