दाबल्यावरचं दाबणं

ढगेभाऊ आमच्या घराची बेल नुसती दाबून मोकळे होत नाहीत. दाबतात, बोट तिथंच ठेवतात आणि मान तिरपी करून हळूहळू आणखी जोर देतात. आतून आमची ही कणकेच्या हातानं "आली ना बाप्पा" म्हणत धावते. दार उघडलं की ढगेभाऊ खेदानं सांगतात, "वैनी, तुमच्या बेलीले जोर समजत नाई. कितीबी दाबा, एकच रडनं."

हा माणूस जाम गावच्या चौरस्त्यावर मोटार वायंडिंग करतो. शेतातली जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार काढायची, नवी भरायची. तीस वर्षं हेच. शेजारी माझं किराण्याचं दुकान, त्यामुळे गिऱ्हाईक नसलं की त्यांचं सगळं मलाच ऐकावं लागतं.

मागच्या दिवाळीत त्यांच्या पुण्याच्या लेकीनं एक कीबोर्ड आणून दिला. तो लॅपटॉपला जोडायचा आणि आवाज लॅपटॉपच्या आत तयार करायचा. पडद्यावर डबे दिसतात, डब्यांना भोकं, आणि माउसनं या भोकातून त्या भोकात वायरी ओढायच्या. मॉड्युलर सिंथेसायझर म्हणे. मला त्यात भोकंच दिसली. ढगेभाऊंना स्वर्ग दिसला.

त्यांचा खरा जीव मात्र कीबोर्डाच्या पट्ट्यांवर. सूर वाजल्यावर बोट न उचलता आणखी जोर दिला, तर सूर फुगतो, थरथरतो, वायर जिकडं जोडली असेल तसं वागतो. आणि प्रत्येक बोटाचा जोर वेगळा मोजला जातो. याला पॉलिफोनिक आफ्टरटच म्हणतात, हे मला दिवसातून चारदा सांगितलं जातं.

"दुसऱ्या कीबोर्डात सातबारा सामायिक राह्यते," ते समजावतात. "एका बोटानं जोर लावला का साऱ्या सुरांले भोगा लागते. याच्यात वाटण्या झाल्या. ज्याचा जोर त्याच्याच नावावर." मग ठरलेलं वाक्य येतं. "शेटजी, दाबनं कोनालेई येते. दाबल्यावरचं दाबनं आलं पाह्यजे."

पडद्यावरच्या वायरींनाही ते मोटारीच्या तीन फेजप्रमाणे लाल, पिवळा, निळा रंग देतात. एकदा लॅपटॉपमधून भयंकर किंकाळी निघाली, तर गडी धावत जाऊन मीटरजवळचा फ्यूजच काढून आला. आमचं दोघांचं मीटर एकच. माझा फ्रीज बंद, पंखा बंद, आणि लॅपटॉप आपला बॅटरीवर किंचाळतोच आहे.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण मागच्या उन्हाळ्यात शोभावैनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, लकव्याचा झटका आला होता. उजवा हात बराचसा परत आला, करंगळी तेवढी आली नाही. वैनी बायकांच्या भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. ती पेटी आता कापडाखाली. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी "मी काय लहान पोर आहो?" म्हणत अंगणात भिरकावला. बायकोचा हात असा, आणि हे महाशय खेळणं घेऊन बसलेत. माझं डोकं फिरलं. एका दुपारी चार शब्द सुनवायचेच म्हणून मी दुकानामागच्या त्यांच्या घरी गेलो.

कीबोर्डासमोर शोभावैनी बसल्या होत्या. पाच बोटं पाच पट्ट्यांवर, डोळे मिटलेले. चार सूर खाली गुमान चालले होते आणि वरचा पाचवा सगळ्यांवर भरून येऊ पाहत होता, मधेच बारीक होत होता. तो करंगळीचा.

ढगेभाऊंनी मला ओट्यावर ओढलं. "करंगळीच्या वायरीत मंधात एक डबा टाकला. तिनं गव्हाएवढा जोर लावला का तो पायलीभर करते. अंगठ्याची दादागिरी कमी केली." मग वायंडिंगची वही उघडून दाखवली. करंगळी दहा, करंगळी नऊ, करंगळी आठ. "दर सोमवारी मदत एका आकड्यानं कमी करतो. तिले तेवढा जोर जास्त लावा लागते. आज तीनवर आनली. व्यायाम म्हनलं तर ती हेबी फेकून देईल. तिले सांगू नका."

मी भांडायला आलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. नाही सांगत, म्हणालो.

तेवढ्यात त्यांच्या दुकानातून गिऱ्हाईकानं हाक मारली, ढगेभाऊ गेले. मी आत डोकावलो तशी वैनींनी डोळे उघडले.

"मदत कमी करतो म्हनून सांगतलं ना याईनं तुम्हाले?"

"वैनी, तुम्हाला ठाऊक आहे?"

"एवढी वर्सं पेटी वाजवली भाऊ. सूर बारीक झालेला मले समजनार नाई काय?" त्यांनी दुखणारी करंगळी दुसऱ्या हातानं चोळली. "सोमवार आला का हे सकायपासून माह्या बोटाकडे पाह्यत राह्यतेत. सूर पयल्यासारका निघेपर्यंत जेवत नाईत. भूक नाई म्हनतेत. त्याईले नका सांगू."

दुपारचे तीन वाजले होते. ढगेभाऊ परत आले आणि दारातच थांबले. वैनींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाचही बोटं ठेवली आणि सगळा जीव करंगळीवर आणला. कपाळावर घाम आला होता. सूर आधी बारीक निघाला, अडला, मग हळूहळू मोठा होत घरभर झाला.

"ताट वाढू आता?" त्यांनी विचारलं.