सरळ उभी राहिलेली काडी

सासऱ्यांनी चष्मेवाल्याच्या हाती कुंडी सोपवली, तेव्हा तिच्यात पेन्सिलीएवढी एक करडी काडी होती आणि तीही बांबूच्या कामटीला रेलून कशीबशी उभी होती.

"वर दिसतं ते काहीच नाही, जावईबापू," सासरे म्हणाले. "सगळी दौलत खाली आहे. कंद. याच कुंडीत बी रुजवून वाढवलाय. असा निवडुंग गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. मी थोरलीकडे जाऊन येतो. तोवर एकच करा, काही करू नका."

"पाणी?"

"तेच म्हणतोय. काही करू नका."

हे आपल्याला जमेल असं चष्मेवाल्याला वाटलं. बायकोलाही वाटलं, लग्नापासून घरात तो तेच करत आला होता.

सुट्टीच्या दिवशी त्याच्या चष्म्यांच्या दुकानाशेजारचा सलूनवाला चहाला आला. बायको बाहेर गेली होती. सलूनवाल्यानं खिडकीकडे पाहिलं. "हे सरपण कुंडीत का खोचलंय?"

चष्मेवाल्याला ते लागलं. "खाली कंद आहे. हा एवढा मोठा."

"पाहिलाय?"

"पाहायला कशाला पाहिजे?"

"म्हणजे नाही पाहिला."

चष्मेवाला उठला आणि स्वयंपाकघरातून चमचा घेऊन आला. आधी नुसती कडेची माती काढायची ठरली. मग थोडी आणखी. शेवटी कंद अख्खा बाहेर आला. तपकिरी, गुबगुबीत, दुपट्यातल्या बाळासारखा.

"मानलं बुवा," सलूनवाला म्हणाला.

चष्मेवाल्यानं अभिमानानं कंद जरा उंच धरला आणि काडी कट्‌कन मोडून त्याच्या दुसऱ्या हातात आली. सलूनवाल्याला त्याच क्षणी कुठलंसं गिऱ्हाईक आठवलं.

आयुष्यभर मोडक्या फ्रेमा जोडत आलेला माणूस. त्यानं दुकानातला गोंद आणला, काडी कंदावर बसवली, माती सारखी केली. जोड इतका पक्का बसला की कामटीची गरजच उरली नाही.

सासरे परतले आणि कुंडीपुढे उभेच राहिले. "ही उगवल्यापासून कधी सरळ उभी राहिली नव्हती. काय केलंत?"

"काही नाही."

"ऐकलंस?" सासरे लेकीला म्हणाले. "माणसाच्या हाताला गुण असावा लागतो."

संध्याकाळपर्यंत ही बातमी फोनवरून थोरल्या जावयापर्यंतही पोचली. पुढच्या सुट्टीला सासरे आपली झाडवेडी मित्रमंडळी घेऊनच आले. चष्मेवाल्याला मधल्या खुर्चीत बसवलं. बायकोनं ठेवणीतले कप काढले होते. नवऱ्याकडे ती इतक्या कौतुकानं पाहत होती की त्यानं कप तसाच खाली ठेवला.

"नेमकं काय केलंत, सांगा ना," एक निवृत्त नर्सबाई अगदी कळवळून म्हणाल्या. "माझंही झाड वाकतंय."

"उन्हाची दिशा..." त्यानं सुरुवात केली आणि तो थांबला. सगळे पुढे झुकले होते.

"गोंद," तो म्हणाला.

"काय?"

मग त्यानं सगळं सांगितलं, अगदी चमच्यासकट. सांगताना नजर चटईवरून वर उचलली नाही.

मंडळींनी चहा भराभर संपवला आणि निरोप घेतला. बायको ट्रे घेऊन आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

"काडीचं काही नाही," सासरे म्हणाले. "कंद शाबूत असला की नवी फुटते."

रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मेवाल्याची मान आणखी खाली गेली.

सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"बी लावलं तेव्हापासून मी एकदाही उकरून पाहिलेलं नाही," ते हळूच म्हणाले. "धीरच झाला नाही. केवढा होता हो?"

चष्मेवाल्यानं खाली मान घालूनच दोन्ही हात पुढे केले आणि तळव्यांमध्ये अंतर ठेवून दाखवलं.

सासरे त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"अंदाजपंचे नको," ते म्हणाले. "नीट दाखवा."