उशाशी खरं लोखंड

शिशिरला चाकू निवडायला तीन महिने लागले. बीरगांवच्या कारखान्यात त्याची दुसरी पाळी; तोवर रोज सकाळी मोबाईलवर चाकू बघणं चालायचं. घडीचा नको, त्याची बिजागरी ढिली होते. पातं मुठीच्या टोकापर्यंत एकसंध गेलेलं हवं. स्टेनलेस तर नकोच. अखेर गुढ़ियारीतल्या एका लोहारानं ट्रकच्या जुन्या कमानपट्टीतून हवा तसा चाकू घडवून दिला. वर मुठीसकट सगळा झाकणारं चामड्याचं म्यान.

"आणि माह्यं उलथनं?" सरोजिनीबाईंनी लेकाला विचारलं. "दांडा तुटून दोन महिने झाले. वेल्डिंगले न्यायले टाइम नाही तुले."

"आई, हे पाह्य तर. वापरला की लगेच पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा. नाही तर जंग लागते. म्यानात ठेवून नाही द्यायचा, चामडं ओल धरते."

"पोरीलेबी इतकं पुसत जा."

पोरगी म्हणजे देवश्री, दोन महिन्यांची. झोपेत दचकायची म्हणून आजीनं तिच्या उशाकडे, गादीखाली, स्वयंपाकघरातली सुरी कापडात बांधून ठेवली होती. ऋताचा, म्हणजे देवश्रीच्या आईचा, अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. पण झोप हवी होती; कोणाचीही, मिळेल तितकी. देवश्री ओली झाली की शिशिर आतून बातमी द्यायचा, "ऋता, हिनं केलं." तेवढंच त्याचं काम.

त्या सकाळी त्याला फुशारकी आवरली नाही. फ्रिजवरचं चुंबक काढून त्यानं नव्या चाकूला लावलं. टक्कन चिकटलं. मग गादीखालची सुरी काढून तिला लावलं. घसरून पडलं.

"हे पाह्य. तुही सुरी नुसती नावाले लोखंड. माह्या चाकूत खरं लोखंड आहे."

सरोजिनीबाईंनी दोन्हींना पुन्हा पुन्हा चुंबक लावून पाहिलं. "म्हणूनच पोट्टी दचकून राहिली," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी फळीवर चाकू नव्हता.

"आई, माहा चाकू?"

"पोरीच्या उशाशी."

"म्यानात?"

"मंग काय उघडा ठेवू?"

"अगं, गादी ओली होते!"

"होते न."

"मी काढतो."

"हात लावू नको. तीन महिने भरेपर्यंत काढत नाहीत. पाह्य, कशी झोपली आहे."

देवश्री खरंच गाढ झोपली होती. शिशिरला मात्र चैन पडेना. ओल आधी म्यानात मुरणार, मग पात्यात. तो दर वीस मिनिटांनी दुपट्याला बोट लावून बघू लागला. लंगोट बांधायला शिकला. गादी उन्हात घालू लागला. खिडकीतून पाहणाऱ्या शेजारच्या शेवंताकाकू ऋताला म्हणाल्या, "भैया कितना खयाल रखते हैं." ऋतानं विषय बदलला. महिन्याभरात तिला कित्येकदा चहा गरम असतानाच प्यायला मिळाला होता, त्याला दृष्ट लागायला नको.

तीन महिने भरले त्या सकाळी शिशिर तेलाची बाटली आणि फडकं घेऊन बसला. श्वास रोखून त्यानं म्यान ओढलं, उपडं केलं. मांडीवर पडला उलथन्याचा तुटका दांडा.

"आई..."

"तुहा चाकू डब्यांच्या मागं आहे. तुह्या बनियनीत गुंडाळून."

चाकूवर एक डाग नव्हता. तेलानं चकाकत होता.

"परवा फणस चिरला त्यानं. चांगला आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "चीक तेलानं काढला, पुसला, पुन्हा तेल लावलं. तूच सांगितलं होतं न?"

"मंग हे काय?"

"लोखंडच आहे. चुंबक लावून पाह्य. लेकराखाली चाकू ठेवीन काय मी?"

"मले सांगितलं काहून नाही?"

सरोजिनीबाई सुनेकडे बघत होत्या. ऋताही त्यांच्याकडे बघत राहिली, कपातला चहा तसाच. चाकूची ही अदलाबदल तिलाही आत्ताच कळत होती. तेवढ्यात देवश्री कुरकुरली. शिशिर सवयीनं उठला, बोट लावून पाहिलं, दोरीवरचं कोरडं दुपटं ओढलं आणि बदलूनही टाकलं. मग दांडा खिशात घातला.

"जाता जाता वेल्डिंगले टाकतो."

"राहू दे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "ठेव तिथंच, गादीखाली. उलथन्याची काही घाई नाही मले."