ध्वनिचाचणी समाधानकारक

कोणत्याही सांगीतिक कार्यक्रमाआधी ध्वनिचाचणी करावी लागते. माईक चालू आहे ना, गिटारची वायर मध्येच तुटलेली नाही ना, ड्रमचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचतो की पहिल्याच रांगेत बसकण मारतो, हे पाहणं म्हणजे ध्वनिचाचणी. यात गैर काहीच नाही. या चाचणीने आमचा बँड बुडाला असंही मी म्हणणार नाही, कारण अधिकृतपणे आम्ही वर आलो आहोत.

बँड स्वतंत्र आहे. म्हणजे आमच्या मागे कंपनी नाही, पुढे गाड्यांचा ताफा नाही आणि मध्ये जेवणाची वेळ नाही. ताई गाते. ती माझी सख्खी बहीण, पण बँडमध्ये सगळेच तिला ताई म्हणतात, कारण ती सगळ्यांनाच धाकट्या भावासारखं झापते. गिटारवर मास्तर. ते पूर्वी शाळेत गणित शिकवायचे आणि अजूनही कुणी चुकलं की चष्म्यावरून बघतात. ड्रमवर मी. व्हॅन मामाची, आवाजाची सगळी यंत्रणाही मामाची, आणि हा मामा म्हणजे आमच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. व्हॅनमध्ये आधी स्पीकर बसतात आणि उरलेल्या जागेत आम्ही. जो कडेला बसतो त्याच्या मांडीवर ड्रमच्या झांजा येतात. मी नेहमी कडेला बसतो.

या दौऱ्यात ताईकडे एक नवीन गाणं होतं आणि ते तिने आईसाठी केलं होतं. आईने तिचं गाणं कधी ऐकलंच नव्हतं. ताईने चांगली नोकरी सोडून बँड काढला त्या दिवशी आई म्हणाली होती, "कर काय करायचं ते, पण मला बोलावू नकोस." ताईही आईचीच मुलगी, तिने बोलावलं नाही. यंदा काय झालं कोण जाणे, आईच फोनवर म्हणाली, "तुमचा शेवटचा कार्यक्रम माझ्या इथून जवळ आहे म्हणे. येऊन बसेन म्हणते थोडा वेळ." ताईने फोन ठेवला आणि त्याच आठवड्यात गाणं लिहून काढलं. वाटेतल्या गावांमध्ये ते नीट बसवायचं आणि शेवटच्या दिवशी आईसमोर म्हणायचं, असा साधा सरळ बेत होता.

बेत बिघडायला मामाचा स्वभाव कारणीभूत झाला. मामाचं समाधान होत नाही. चहाने होत नाही, चपलेने होत नाही, आवाजाने तर नाहीच नाही. पहिल्या गावात सभागृहाची दारं उघडली, लोक येऊन बसले, दिवे मंदावले, तरी मामा सगळ्यात मागे आपल्या बटणांपाशी मान हलवत उभा होता.

"चेक, चेक. एक, दोन," ताई म्हणाली.

मी ड्रमवर एक ढुप केलं. मास्तरांनी एक तार छेडली.

"पुन्हा," मामा म्हणाला.

हे इतका वेळ चाललं की सभागृहाची वेळ संपली. तिथले व्यवस्थापक घड्याळाचे पक्के होते. त्यांनी पडदा पाडला. आम्ही पडद्यामागे खाली माना घालून उभे राहिलो. आता खुर्च्या येतील अंगावर, असंच मला वाटलं. आली ती टाळ्यांची लाट, आणि थांबायचं नावच घेईना.

"काय संयम आहे बघ," पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे पुसत बायकोला म्हणत होते. "एकदाही गाण्यापर्यंत घसरले नाहीत."

व्यवस्थापक आत आले आणि त्यांनी मामाचा हात हातात घेतला. शेजाऱ्यांची तक्रार नाही, खुर्च्या जागेवर, कोणी नाचलं नाही आणि कार्यक्रम वेळेत संपला. आपल्या उभ्या नोकरीत असा बँड पाहिला नाही, असं ते भरल्या गळ्याने म्हणाले. त्यांनी तसं सांस्कृतिक कार्यालयाला कळवलं आणि सांस्कृतिक कार्यालयाने आमच्या वाटेवरच्या सगळ्या सभागृहांना कळवलं.

पुढच्या गावात पोचलो तेव्हा तिथल्या सांस्कृतिक अधिकारी बाई स्वतः दारात उभ्या होत्या. मागील कार्यक्रमाच्या धर्तीवर आम्हाला मंजुरी मिळाली होती.

"आज आम्ही गाणार आहोत," ताई म्हणाली.

"कुठे?"

"इथेच. स्टेजवर."

"मग तसा बदल आधी कळवायला हवा होता. मागच्या ठिकाणी तुम्ही गायला नव्हता."

"तिथे वेळ संपली हो."

"तेच म्हणते मी. वेळेत संपणारा कार्यक्रम म्हणून तर मंजुरी आहे. त्यात गाणं घातलंत की तो वेगळा कार्यक्रम होतो."

"पण माईक आहे, आम्ही आहोत, लोक आहेत. गायला हरकत काय आहे?"

"हरकत काहीच नाही," बाई अगदी मायेने म्हणाल्या. "तरतूद नाही."

मास्तरांना तर्काची खाज आहे. ते पुढे सरसावले. "बाई, चाचणी ही कशाची तरी असते. ज्याची चाचणी घेतली, ते पुढे झालंच नाही, तर त्या चाचणीला अर्थ काय?"

"तुम्ही शाळेत होता ना, सर? मुलं परीक्षा देतात. ती कशासाठी दिली, हे पुढे कोणी विचारतं का?"

मास्तर चष्मा काढून पुसत बसले. त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा एक-दोन केलं.

मग लोकांना वेडच लागलं. एका समीक्षकाने लिहिलं की या बँडने संगीताला सुरांच्या जाचातून मोकळं केलं आहे. काळे शर्ट घातलेली तरुण मंडळी आमच्यामागे गावोगाव फिरू लागली. नवख्या माणसाने शेजारी बसून "गाणं कधी सुरू होणार?" असं विचारलं की ती त्याच्याकडे दयेने बघत. त्यांच्यात दोन तटही पडले. एका गटाचं म्हणणं, खरी कला 'चेक'मध्ये आहे. दुसऱ्याचं म्हणणं, 'चेक' ही नुसती तयारी, खरा आशय 'एक'पासून सुरू होतो. एका गावी ताईच्या तोंडून चुकून 'तीन' निघून गेलं. अर्धं सभागृह उठून गेलं. बँड बाजारू झाला, असं ठरलं. माझ्या ढुपचेही चाहते झाले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं घाम गाळून जे वाजवलं त्याकडे कुत्रं फिरकलं नव्हतं.

ताईला मात्र काहीच गोड लागेना. ती व्हॅनमध्ये स्पीकरला टेकून ते गाणं हळूच गुणगुणायची, तर मामाच पुढून म्हणायचा, "घसा जप गं. उद्या चेक आहे."

एकदा तिचा बांध फुटला. "मामा, आई येणार आहे. पहिल्यांदा येणार आहे. तिला मी काय ऐकवू, एक-दोन? याच्यासाठी नोकरी सोडली होती का, असं विचारलं तिने, तर मी काय तोंड दाखवू?"

मामाने गाडी कडेला घेतली. बराच वेळ तो काच पुसत राहिला, काच स्वच्छ असूनही. "शेवटच्या गावात मी पहिल्याच एक-दोनला हो म्हणतो," तो म्हणाला. "मग वेळच वेळ. तू गा. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मी काय तोंड दाखवणार आहे दुसरं?"

मामाने समाधानी व्हायचं कबूल केलं, म्हणजे अशक्य ते झालं, असं आम्हाला वाटलं. पण कार्यालय आमच्या पुढे होतं. आमची चाचणी हाच आता कार्यक्रम ठरल्यामुळे, त्या कार्यक्रमाआधी त्याची चाचणी होणं ओघानेच आलं. शेवटच्या गावी एक निरीक्षक आवाज मोजायचं, काटा असलेलं यंत्र घेऊन बसले होते. त्यांनी आम्हाला पूर्वचाचणीचे नियम समजावून सांगितले.

"यात काय करायचं?" ताईने विचारलं.

"काय वाटेल ते करा. हा कार्यक्रमाचा भाग नाही."

"गाणं म्हटलं तर चालेल?"

"खुशाल म्हणा. फक्त प्रेक्षक आत नकोत."

दारं बंद झाली आणि त्या रिकाम्या खुर्च्यांसमोर ताई ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत गायली. बँड निघाल्यापासून मी तिला ऐकतो आहे, पण अशी गाताना कधी ऐकली नव्हती. ढुप करायचंही मी विसरलो. मागे मामा उभा होता. गाणं संपलं तरी तो "पुन्हा" म्हणाला नाही. वायरी पुसायच्या फडक्याने त्याने तोंड पुसलं.

"काटा हलला," निरीक्षक म्हणाले. "ठीक आहे."

संध्याकाळी सभागृह गच्च भरलं. पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन, पाठ ताठ ठेवून आई बसली होती. ताई माईकपाशी गेली. "चेक, चेक. एक, दोन."

"झालं," मामा मागून म्हणाला. "माझं समाधान झालं."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. काळ्या शर्टांपैकी एकजण उठून उभा राहिला. "असं कसं झालं? पुन्हा म्हणा." मग सगळेच म्हणू लागले, पुन्हा, पुन्हा. ताईने तिकडे लक्ष न देता गाण्याची पहिली ओळ उचलली. दुसऱ्या शब्दाला माईक बंद पडला. निरीक्षक बटणापाशी उभे होते आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

"तरतूद नाही हो," ते म्हणाले.

ताईने आईकडे पाहिलं. मग माईक पुन्हा सुरू झाला आणि वेळ संपेपर्यंत ती एक-दोन म्हणत राहिली. त्या दिवशी तिचा आवाज कापत होता, त्यामुळे लोक म्हणाले, हा आजवरचा सर्वोत्तम प्रयोग. आईनेही सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

नंतर आई व्हॅनपाशी आली. आम्ही तिला स्पीकरवर बसवलं. "छान झालं गं," ती म्हणाली. "आकडे अगदी स्पष्ट म्हणतेस."

"एक विचारू का? मी जरा लवकरच आले होते." आई नेहमीच लवकर येते. गाडी पकडायची असली तर ती स्टेशनवर गाडीच्याही आधी पोचते. "आत कोणीतरी गात होतं. मी दाराला कान लावला, तर तो दारावरचा माणूस म्हणाला, आजी, बाजूला बसा, आत काही नाही, नुसतं गाणं चाललंय. कार्यक्रम सुरू झाला की सोडतो. तर ती बाई कोण रे? तिला का नाही ठेवलंत कार्यक्रमात?"

मास्तर चष्म्यावरून मामाकडे बघायला लागले. मामा जमिनीकडे.

"मीच होते, आई."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं, तापात कपाळाला हात लावून बघायची तसं. "दारामुळे अर्धंच ऐकू आलं," ती म्हणाली. "पुन्हा म्हण."

ताईने घसा साफ केला आणि सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "चेक, चेक."

"ते झालं," आई म्हणाली. "पुढचं."

मग ताई गायली. माईक नव्हता, काटा नव्हता. मी झांजा मांडीवर घट्ट धरून ठेवल्या. आमचे काही चाहते सह्या घ्यायला आले होते. खिडकीतून त्यांना दिसलं की आत गाणं चाललंय, तेव्हा ते हिरमुसून परत गेले.

त्या गाण्यात ताईने आईला काय म्हटलं, ते मला तोंडपाठ आहे. खरं तर तेच सांगायला मी बसलो होतो. पण तुम्ही व्यवस्थापकांना हसलात, अधिकारी बाईंना हसलात, काळ्या शर्टांना तर फारच हसलात. गाण्यात काय होतं, हे काही तुम्ही विचारलं नाहीत. असू द्या. तुमचीही कुणाला तक्रार नाही, तुम्ही खुर्ची सोडली नाहीत आणि वेळेत संपवलंत. मागील प्रेक्षकांच्या धर्तीवर तुम्हालाही मंजुरी द्यायला हरकत नाही.