हेडमास्तरांपायी दाढदुखी

घराचं दार उघडल्याबरोबर तपासनिसांना कसलातरी वास आला आणि हातातली बॅग खाली ठेवायचंही त्यांना सुचलं नाही. बायकोच्या भावाकडे दोन दिवस राहून ते, बायको आणि सासूबाई असे तिघं परत आले होते. दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली खाऱ्या पाण्याची काचेची टाकी नेहमीसारखी दिव्यांनी उजळली होती. पण काचेला हात लावून पाहिला तर ती आंघोळीच्या बादलीइतकी ऊन. निघताना हिरवी, जांभळी, केशरी होती ती प्रवाळं पांढरीफटक पडली होती. सगळ्या माशांत एकटे हेडमास्तर तेवढे जिवंत होते आणि पंपापाशी धापा टाकत होते.

हेडमास्तर म्हणजे नारंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला बोटभर मासा. टाकीत कोण कुठे हुंदडतंय यावर त्यांची करडी नजर असे, म्हणून हे नाव पडलं. आता शाळेत एकही पोर उरलं नव्हतं.

तपासनिसांनी हीटर बंद केला, टाकीवर पंखा लावला, आणि लगेच चौकशी सुरू केली. ते विमा कंपनीत होते. जळालेली गोदामं, बुडालेली दुकानं, ठोकलेल्या गाड्या, यांत चूक कोणाची हे शोधून काढण्यात त्यांची हयात गेली होती. ऑफिसात त्यांना शंकासुर म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"आई, निघायच्या आधी झाडलोट करताना या टाकीच्या वायरींना हात लावलात का तुम्ही?"

"मी? तुमच्या त्या समुद्राला मी लांबूनच हात जोडते, जावईबापू."

"अगं, मग तू?"

"मी डबे भरत होते. तुम्हीच तर पाणी बदलत बसला होतात. टॅक्सीवाला खाली हॉर्न वाजवतोय आणि हे आपले इथे बादल्या घेऊन."

तपासनीस थबकले. त्यांची नजर हळूहळू पडद्याकडे गेली. पडद्याच्या हुकाला एक काळी बारीक वायर नीट गुंडाळून लटकावलेली होती. पाणी किती गरम आहे हे हीटरला कळवायचं, एवढंच त्या वायरीचं काम. ती दोन दिवस गार हवेत लोंबकळत राहिली, 'गार आहे, गार आहे' असं कळवत राहिली, आणि हीटर बिचारा आज्ञाधारकपणे पाणी तापवत राहिला. पाणी बदलताना मध्ये येते म्हणून ती तिथे लटकवली होती कोणी? चौकशी संपली होती.

"निष्काळजीपणा," ते म्हणाले.

"अहो, होतं एखाद्या वेळी. मुद्दाम थोडंच केलंत?"

"हेच म्हणणाऱ्या लोकांचे क्लेम मी जन्मभर नाकारलेत. टाकी विकायची."

"पण हेडमास्तर वाचलेत ना! आणि ते एक प्रवाळ अजून हलतंय बघा."

"म्हणूनच. आहेत तोवर चांगल्या हातात पडू देत."

एवढं बोलून ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. नळ बराच वेळ चालू राहिला. पण एरवी थेंबाथेंबावरून बोलणाऱ्या सासूबाईंनी त्या दिवशी आपणहून चहाचं आधण ठेवलं.

जाहिरात दिल्यावर गिऱ्हाइकं येऊ लागली आणि तपासनीस त्यांना एकेक करून पळवून लावू लागले. एका हॉटेलवाल्याने विचारलं, "यातला खायचा कुठला?" त्याला चहासुद्धा मिळाला नाही. एका गृहस्थांना टाकी रिकामी करून तीत कासव पाळायचं होतं. त्यांना दारापर्यंत पोचवायला तपासनीस स्वतः गेले, ते परत येणार नाहीत याची खात्री करायला.

"आपण टाकी विकतोय की या लोकांच्या कुंडल्या बघतोय?" बायको म्हणाली.

मग एक तरुण बाई आल्या. टाकीपुढे गुडघे टेकून त्यांनी हेडमास्तरांना निरखून पाहिलं आणि आधी विचारलं, "हे एकटेच? यांना करमतं का?" तपासनीस तिथेच विरघळले. बाई काय करतात ते ऐकल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. बाई दातांच्या डॉक्टर होत्या.

दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली की तपासनीस रस्ता बदलत. त्यांची डावी दाढ कित्येक वर्षं किडलेली होती आणि ते एका बाजूने जेवत होते. दाखवून या म्हणून बायकोने दातांच्या कण्या केल्या होत्या, पण व्यर्थ.

"माझे पेशंट बाहेर बसल्याबसल्या घाबरतात आणि नंबर यायच्या आत पळून जातात," डॉक्टरीण म्हणाल्या. "समोर बघायला काही असलं तर टिकतील."

"हात स्थिर लागतो या कामाला."

"दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालते, काका. माझा हात हलत नाही."

टाकी गेली. हेडमास्तरांची पिशवी तपासनिसांनी डॉक्टरीणबाईंच्या गाडीपर्यंत स्वतः नेली, पुढच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा बांधला.

कोपरा ओकाबोका झाला. घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांना जागा किती मोकळी झाली असं वाटे, आणि ते तसं बोलूनही दाखवत. तपासनीस मात्र संध्याकाळी ऑफिसातून आले की चहाचा कप घेऊन सवयीने तिकडेच तोंड करून बसत आणि भिंतीकडे बघत. ते एक प्रवाळ जगलं असेल का, हा प्रश्न त्यांना खात होता. फोन करून विचारावं, तर ज्याने मारलं त्याने कोणत्या तोंडाने विचारायचं?

शेवटी एकदा जेवताना ते म्हणाले, "अगं, या डाव्या दाढेचं काय करावं?"

बायकोने हातातला डाव तसाच टाकला आणि त्यांचा विचार बदलायच्या आत फोन लावला.

दवाखान्यात ते वेळेच्या कितीतरी आधी पोचले. हेडमास्तर टुणटुणीत होते. प्रवाळ पांढरंच होतं, पण तपासनिसांनी काचेला नाक लावून पाहिलं तेव्हा बुडाशी मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. आतून त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते शेजारच्याला म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मला घाई नाही."

शेजारचा म्हणजे एक आडदांड ट्रकवाला होता आणि त्याला दरदरून घाम फुटला होता. "काका, मी निघतो. उद्या बघू."

"अहो, बसा. ते नारंगी दिसतात ना, ते हेडमास्तर. सगळी शाळा गेली तरी राजीनामा दिला नाही त्यांनी," असं म्हणून तपासनीस त्याला सगळं सांगत बसले, आणि ट्रकवाला ऐकताऐकता कधी उठून आतल्या खुर्चीत जाऊन बसला ते त्यालाही कळलं नाही.

तपासनिसांची पाळी आली तेव्हा त्यांनी डोळे घट्ट मिटले. पण डॉक्टरीणबाईंचा हात हलका होता. "आज तात्पुरतं सिमेंट भरते," त्या म्हणाल्या. "पक्कं पुढच्या आठवड्यात."

पुढच्या आठवड्यात पक्कं भरलं. मग वरचे दात साफ झाले. "खालचे पुढच्या वेळी करू," त्या म्हणाल्या, आणि तपासनिसांना वाटलं, देव पावला. हिरवा ठिपका तोवर वाटाण्याएवढा झाला होता. पण हळूहळू खालचे दातही साफ झाले, तपासायचं ते सगळं तपासून झालं, आणि जाण्यासारखं निमित्त उरलं नाही. तेव्हा त्यांनी सासूबाईंना गाठलं.

"आई, तुमचे दात एकदा दाखवून आणू या."

"माझे दात? ते झोपताना मी वाटीत काढून ठेवते, जावईबापू. वाटी घेऊन जा."

ते वाटी घेऊन गेले. नवल म्हणजे डॉक्टरीणबाईंनी कवळी गंभीरपणे तपासली आणि तिलाही पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

बायकोला हे सगळं चमत्कारिक वाटू लागलं होतं. "वर्षानुवर्षं दवाखान्याचं नाव काढलं नाहीत, आणि आता आईची कवळी फिरवताय गावभर?" त्यामुळे पुढच्या खेपेला काहीतरी भक्कम कारण हवं होतं. तपासनिसांनी जिवावर उदार होऊन उजवी दाढ दुखते म्हणून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी गालात कापसाचा बोळा बसवला, आरसा फिरवला, फोटो काढला. "काही दिसत नाही काका."

"दुखते पण. काढून टाका."

"चांगली ठणठणीत दाढ काढू?"

तपासनिसांनी 'आ' केला आणि खुर्चीचे हात गच्च धरले. डॉक्टरीणबाईंनी हातातली हत्यारं खाली ठेवली.

"काका, मासे बघायला पैसे पडत नाहीत. दाढ कशाला देताय?"

तपासनिसांचं बिंग फुटलं. पडद्याचा हुक, टॅक्सीचा हॉर्न, मोहरी आणि वाटाणा, सगळं त्यांनी गालातल्या बोळ्यासकट गोलगोल आवाजात सांगून टाकलं. "माझी चूक होती, डॉक्टर. मी मारलं त्यांना. ते एक जगतंय का, एवढंच बघायचं होतं."

"आता माझं ऐका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दात एका बैठकीत साफ होतात. तुमचे मी पुरवून पुरवून केले. तुम्ही बाहेर बसलात की एकही पेशंट पळत नाही माझा. आणि त्या टाकीत हात घालायचा म्हटलं की माझ्या पाचावर धारण बसते. तुमच्या वेळा मी मुद्दाम पाणी बदलायच्या दिवशी ठेवायचे. तुम्ही बाहेर आहात म्हटलं की जरा धीर यायचा. तुमचे दात संपत आले तशी मला काळजी लागली होती. ती टाकी तुम्हीच सांभाळा ना."

"छे! माझा भरवसा नाही. माझा मलाच नाही."

"मी एकदा चुकीचा दात काढलाय, काका. शिकताना नव्हे, हा दवाखाना टाकल्यावर. चांगला, धडधाकट दात."

तपासनीस अर्धवट उठून बसले. "मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला. हात कापत होते, तरी उघडला."

"आणि त्या माणसाने? नुकसानभरपाई मागितली असेल," शंकासुर जागा झाला.

"मागितली ना. लग्न करावं लागलं."

तपासनिसांना हसू फुटलं आणि बोळा उडून त्यांच्याच शर्टावर पडला. हसताहसता डोळे कधी भरून आले ते त्यांना समजलं नाही. उघड्या दारातून समोर टाकी दिसत होती, आणि हेडमास्तर अर्ध्याअधिक हिरव्या झालेल्या प्रवाळाला फेऱ्या घालत होते.

"आता तोंड मिटा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आणि बाह्या वर करा. पाणी बदलायचंय."